राबाचं शेण

धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं जळण. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, शाळा माझी चौथीतच सुटली. हे शिकवलं मोहोपाड्याकडच्या एका रसायनाच्या कारखान्यात, आमच्या बॉयलरच्या मेस्त्रींनी. मी तिथं हेल्पर होतो. पाण्याची काच बघायची, तेलाचा नळ सांभाळायचा आणि मधूनमधून बाहेर येऊन मान वर करून चिमणी बघायची, हे माझं काम. चिमणीतून काळं निघालं की मेस्त्री आतून ओरडायचे, "दामू, तेल चाललं बघ आभाळात! हवा दे, हवा!" हवा वाढवली की भट्टीचा आवाज बदलायचा. खरखर जाऊन एकसारखा भरीव आवाज यायचा आणि चिमणीच्या तोंडावर नुसती थरथर दिसायची, धूर नाही. त्या आवाजाचा मला मोठा अभिमान होता. टँकरच्या टँकर तेल यायचं आणि आमच्या हातानं जळून जायचं. ते कुठून येतं, कधी थांबेल का, हे डोक्यात कधी आलंच नाही. त्या तेलाला मी आजही नावं ठेवणार नाही. त्याच्यावर माझं लग्न झालं, घरावर नवी कौलं चढली, धाकट्या बहिणीला चांगलं घर मिळालं. ज्याच्यावर पोट भरलं त्याला शिव्या देणारा मी माणूस नाही.

आठवड्याच्या सुट्टीला मी घरी यायचो. घर कशेळ्याच्या अलीकडं, पेज नदीपासून हाकेच्या अंतरावर. ओटी, माजघर, मागं चुलीची खोली आणि तिला लागून गोठा. गोठ्यात चार बैल, दोन म्हशी. सकाळी जाग यायची ती आईच्या फुंकणीनं. आधी लांब फुंकर, मग खोकला, मग पुन्हा फुंकर. थोड्या वेळानं तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज, आणि तो आला की समजायचं, आता लाकडं धरली. आंबट वरण, सुक्या जवळ्याची चटणी, हंगामात वालाचं बिरडं. पावसाच्या तोंडाला डोंगरातून शेवळं यायची. ती भाजी नीट केली नाही तर घसा खाजतो. आईच्या हातची कधी खाजली नाही. जेवण असं, पण जिथं ते शिजायचं त्या खोलीत मला पाच मिनिटं उभं राहवत नसे. भिंती डांबरासारख्या काळ्या. कौलांतून धूर बाहेर पडायचा तेवढा पडायचा, बाकीचा बायकांच्या छातीत.

हिरा, माझी बायको, लग्न होऊन आली त्याला तेव्हा दुसरं वर्ष होतं. माहेर कशेळ्याचंच, भाताच्या गिरणीच्या मागं. तिचे डोळे कायम लाल. एकदा मी दारात उभा राहून शहाणपणा केला. म्हटलं, "धूर म्हंजे जळायचं राहिलेलं जळण. तुमच्या चुलीला हवा कमी पडते."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि फुंकणी माझ्यापुढं धरली. "मग या की. हवा पण घाला आन भाकरी पण थापा. मी जाते तुमच्या बॉयलरवर."

आई खोकता खोकता हसली. मी ओटीवर जाऊन बसलो.

हिरा जाऊन आता दुसरा पावसाळा. शेवटी छातीनंच नेलं तिला. डॉक्टरांनी मला विचारलं, बाई किती वर्षं धुरात बसल्या? मी म्हटलं, माहेरची धरून वीसेक, पुढं नाही. ते म्हणाले, म्हणून इतकी वर्षं निघाली. त्यांनी सहज म्हटलं असेल. मी मात्र घरी येऊन त्याच्यावर फार विचार केला. जी वर्षं आम्हांला मिळाली ती कुठून आली, हे मला नेमकं ठाऊक आहे. एका उन्हाळ्यातून आली. त्या उन्हाळ्याबद्दल लिहून ठेवतो.

त्या साली होळी झाली आणि कारखान्यात तेल येईना. टँकर एक दिवसाआड, मग आठवड्यानं, मग नाहीच. मेस्त्री म्हणाले, अरबांनी तेल आखडलंय. अरब कोण आणि त्यांचं आमच्या बॉयलरशी काय वाकडं, मला कळेना. एके सकाळी भट्टी विझवली. मी बॉयलर इतका गार कधी पाहिला नव्हता. हात लावला तर नुसतं लोखंड. आम्हांला ले-ऑफ देऊन घरी पाठवलं, पंधरा दिवसांनी बोलावतो म्हणाले. घरी आलो तर तिथंही तेच. रेशनवर रॉकेलला बायकांची रांग, डबे ठेवून बायका झाडाखाली. कशेळ्याची गिरणी डिझेलच्या इंजिनावर, तीही आठवड्यातून दोन दिवस. मला तोवर वाटायचं, कारखाना तिकडं आणि गाव इकडं, दोघांचा संबंध माझ्या पगारापुरता. त्या उन्हाळ्यात कळलं, आम्ही सगळेच एका नळावर तोंड लावून बसलो होतो आणि नळाची चावी कुणा तिसऱ्याच्या हातात होती.

अशा वेळी ग्रामसेवक आमच्या ओटीवर आले. पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी शेणाच्या गॅसचं चित्र दाखवलं. जमिनीत विहिरीसारखा बांधलेला खड्डा, त्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी. खड्ड्यात शेण आणि पाणी कालवून सोडायचं, ते आत कुजून गॅस होतो, टाकी वर उचलली जाते, आणि नळीनं गॅस शेगडीला. निम्म्याहून जास्त खर्च सरकार देणार. मला हे लगेच पटलं, कारण मला तो बॉयलरच दिसला. हिरा दाराआड उभी होती. ग्रामसेवक म्हणाले, "धूर अजिबात नाही." तेव्हा तिच्या बांगड्या वाजल्या, एवढंच.

आबांनी, माझ्या वडिलांनी, कागद हातात घेतला नाही. "शेण हाय ते राबाचं," ते म्हणाले.

राब म्हणजे आमच्याकडं भाताची रोपं करायची जागा. पेरणीआधी ती भाजावी लागते. खाली वाळल्या शेणाचा थर, वर झाडांचा तोडून वाळवलेला टहाळ, वर पालापाचोळा, त्यावर माती भुरभुरायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. जमीन भाजली की तण मरतं, राख मिळते, रोप जोरात येतं. दिवाळीपासून घरातली बाई शेण गोळा करून घरामागच्या परड्यात ढीग लावते. कुणाच्या घरी काय आहे हे आमच्या गावात त्या ढिगावरून कळायचं. आबांच्या ढिगाएवढा ढीग वाडीत दुसरा नव्हता.

"मळी परत मिळते, आबा," मी म्हटलं. "गॅस निघाला तरी शेणाचं खत ऱ्हातं."

"खत ऱ्हातं. जळतं का ते? राब काय पाण्यानं भाजू?"

 पण आई मधे पडली. आई सहसा मधे पडत नसे. ती म्हणाली, "माजं डोळं गेलंच. पोरीचं तरी ऱ्हाऊ दे." आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "रोजचं ओलं शेण न्या. ढिगाला हात लावायचा नाय." झालं, परवानगी मिळाली.

खड्डा मी खणला. ले-ऑफचा माणूस, अंगात रग होती. गवंड्यानं विटा रचल्या, कर्जतहून टाकी बैलगाडीत घालून आणली. वाटेत लोक विचारत, "दामू, पाण्याची टाकी एवढी मोठी? विहीर आटली का रं?" मी सांगे, शेणाची आहे. त्यावर जे हसणं व्हायचं ते गाडी पुढच्या वळणावर गेली तरी ऐकू यायचं.

सगळं तयार झालं आणि आबा आठ दिवस खालापूरकडं माझ्या बहिणीच्या घरी गेले. पावसाआधी तिच्या घराची कौलं चाळायची होती, तिथं दुसरं माणूस नव्हतं. जाताना टहाळ तोडून वाळत टाकलेला होता. म्हणाले, आलो की थर देऊ आणि पेटवू, रोहिणी नक्षत्र लागायच्या आत.

आता माझी चूक सांगतो. ग्रामसेवक सांगून गेले होते की खड्डा पहिल्यांदा गळ्यापर्यंत भरावा लागतो, नाहीतर टाकीची कड बुडत नाही आणि गॅस निसटतो. रोजच्या शेणानं तो भरायला दोन महिने लागले असते. मी रोज जाऊन आत डोकवायचो. तळाशी वीतभर शेणाचा काला. बॉयलरच्या माणसाला अर्धी भरलेली टाकी बघवत नाही. चौथ्या दिवशी मी फावडं घेऊन परड्यातल्या ढिगाकडं गेलो.

हिरा म्हणाली, "अवो, मामंजी काय बोलून गेलेत?"

"दोन पाट्या. मळी मिळाली की परत टाकू."

दोन पाट्यांनी काय होतंय? खड्डा हलला नाही. मग चार, मग गाडी जुंपली. प्रत्येक खेपेला मी म्हणायचो, ही शेवटची. ती म्हणायची, पुरे झालं, आता नका. मी म्हणायचो, एवढ्यावर थांबलो तर गेलं तेही फुकट. ती पाणी ओढून देत होती, डोळे पुसत होती आणि नका म्हणत होती. संध्याकाळी काला गळ्याशी आला. मी टाकी बसवली आणि मागं वळून पाहिलं, तर परड्यात ढिगाच्या जागी नुसता काळा गोल डाग. कोंबड्या तो उकरत होत्या.

त्यावर आणखी कडी म्हणजे, गॅस येईना. ग्रामसेवक आले, टाकी हलवून बघितली आणि कपाळाला हात लावला. "दामू, ओलं शेण सांगितलं होतं रे! ढिगातलं सुकलेलं घातलंस? त्याच्यातला जीव गेलेला असतो. येईल गॅस, पण महिना दीड महिना घेईल."

आबा आले ते दुपारी. परड्याच्या वाटेनंच आले. मी गोठ्यात होतो, तिथून मला त्यांचे पाय दिसत होते. ते पाय डागापाशी थांबले आणि बराच वेळ तिथंच होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओटीवर येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "कुनी?"

रोहिणी लागायला आठवडा होता. शेण नाही म्हणजे राब नाही, राब नाही म्हणजे रोप नाही, आणि रोप नाही म्हणजे वर्षभराचा तांदूळ नाही. शेजाऱ्यांकडं मागावं तर ज्याचं त्याचं शेण त्याच्या राबात जाऊन जळूनही गेलेलं. माझा कारखाना बंद. हे सगळं आबांच्या त्या एका शब्दात होतं आणि मला ते ऐकू आलं. 

हिरा चुलीच्या खोलीतून बाहेर आली. डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "मामंजी, मीच म्हटलं भरा म्हणून. धूर सोसंना मला."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी जमिनीकडं बघत होतो. आई काहीतरी बोलायला गेली, हिरानं तिचा हात धरला. आबा उठले, पाणीसुद्धा न पिता नदीकडं निघून गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला ठाऊक झालं होतं की दामूच्या बायकोनं सासऱ्याचं शेण बुडवलं. पाणवठ्यावर बायका तिला म्हणत, "काय गं, शेणाच्या विहिरीत काय शिजवतेस?" ती हंडा भरून परत यायची.  मी विचारलं, असं का सांगितलंस? तर म्हणाली, "मामंजी तुमाला बोलले असते तर तुमी उलट बोलला असता, मग बापलेक तुटले असते. मला काय, मी परक्या घरची. परक्यावरचा राग लवकर उतरतो."

हे बोलणारी पोर वीस वर्षांची होती. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा आणि बॉयलर चालवणारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा ओटीवर बसले होते, ती त्यांच्यासमोर पेजेचं ताट ठेवून तिथंच उभी राहिली. "मामंजी, तूस चालंल का?"

"कसलं तूस?"

"भाताचं. आमच्या मागल्या अंगाला गिरणीचा ढीग हाय, माणूस बुडंल एवढा. नदीत लोटतात ते. माजी आई तुसाची शेगडी करायची. डब्यात बाटली उभी ठेवून भोवती तूस ठासायची, बाटली काढायची, खालनं पेटवायचं. सकाळी पेटवली की सांजपर्यंत धुमसत ऱ्हाते. शेणासारखंच."

आबांनी पेजेत बोट घातलं ते तसंच राहिलं. "राबात तूस?" ते म्हणाले. "कुनी बगितलंय?"

"कुनी नाय."

"आन जमीन भाजंल?"

"शेगडीखालची भुई आमाला सांजपर्यंत पाय ठेवू देत नव्हती."

आबांनी पेज संपवली, हात धुतला, आणि मला हाक मारली. तीन दिवसांत ती पहिली हाक. "दाम्या, गाडी जुंप."

गिरणीवाला तूस नेताय म्हटल्यावर इतका खूष झाला की त्यानं आम्हांला चहा पाजला. चार खेपा झाल्या. तूस अंगात शिरून खाज सुटायची, डोक्यापासून पायापर्यंत आम्ही पिवळे. आबांनी राबाच्या जागेवर हातभर जाडीनं तूस पसरायला लावलं, वर टहाळ, मग पाला, मग माती. मी घाईनं काडी घेऊन वाऱ्याच्या बाजूला गेलो तर त्यांनी मला मागं ओढलं. "तिकडनं नाय. वारा जिकडं जातो त्या कडेनं पेटव. आग वाऱ्याच्या अंगावर गेली पायजे, मंग ती सावकाश जाते. वाऱ्यासंगं सोडलीस तर वरच्या वर पळून जाईल, भुईला लागणार पण नाय." मी त्यांच्याकडं बघत राहिलो. मेस्त्री इतकी वर्षं मला हेच शिकवत होते, आग कुठून कशी घालायची, आणि माझ्या बापाला ते कारखान्याची चिमणी न बघता ठाऊक होतं. त्याआधी मी आबांना अडाणी समजत होतो. लिहायला लाज वाटते, पण समजत होतो.

टहाळ भडकला आणि विझला. मग तूस धुमसायला लागलं. ज्वाळा नाही, नुसती एक लाल कड, बोटभर रुंद, इंचाइंचानं पुढं सरकणारी. दोघं काठ्या घेऊन तिच्या मागं मागं. ऊन चढलं, उतरलं. दुपारी हिरा भाकरी आणि कांदा ठेवून गेली. ती लांब गेल्यावर मी म्हटलं, "आबा, ती नव्हती म्हणाली. ती नको म्हणत होती. ढीग मी घातला."

ते काठीनं कड सारखी करत होते, थांबले नाहीत. "ठावं हाय मला."

"कसं?"

"ती खोटं बोलत होती तवा तुज्याकडं बगत होती. खरं बोलणारं माणूस ज्याला सांगायचं त्याच्याकडं बगतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "सांगायला तू चार दिस लावलेस."

एवढंच. मला वाटलं, सुटलो. पण खरं सांगायचं तर सुटलो नव्हतो, कारण हे बोलणं आम्हां दोघांतच राहिलं. वाडीत हिराचं नाव तेच.

दुसऱ्या दिवशी आबांनी राख बाजूला सारून मातीवर तळहात टेकवला आणि झटकन उचलला. ते हसले. कोरड्या मातीत, धूळवाफेवर पेरणी झाली. पाऊस लागला, आणि आठव्या दिवशी राबात हिरवी लव आली. आम्ही रोज जाऊन बघायचो.  पंधरा दिवसांनी रोप शेजाऱ्यांच्या रोपाच्या बरोबरीनं उभं होतं. तण शेजाऱ्यांपेक्षा जरा जास्त होतं, ते आई आणि हिरानं उपटून काढलं. बाकी फरक सांगता आला नसता.

त्याच सुमाराला टाकी उचलली. सकाळी बघतो तर हातभर वर. मी धावत जाऊन शेगडीचा नळ उघडला, काडी लावली, तर फुस्स. पुन्हा, पुन्हा. आई म्हणाली, "निव्वळ वारा भरलाय रं त्यात." पहिला गॅस जळत नाही, तो सोडून द्यावा लागतो, हे ग्रामसेवकांनी सांगितलं होतं आणि मी विसरलो होतो. दोन दिवस टाकी रिकामी केली. तिसऱ्या दिवशी काडी लावल्याबरोबर निळं फूल उमललं. आई वाकून बघत म्हणाली, "पेटली का? आवाजच नाय." तिनं हात पुढं नेला आणि ओरडून मागं घेतला. मग बसून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईतो. हिरानं पहिली भाकरी टाकली. ती फुगली तेव्हा खोलीत कुणी खोकत नव्हतं. ती भाकरी तिनं आबांना नेऊन दिली. आबांनी वास घेतला, उलटसुलट करून बघितली, म्हणाले, "शेणाचा वास नाय येत." आणि जवळ्याच्या चटणीबरोबर सगळी खाल्ली.

आज आमच्या रस्त्याला फार्महाऊसं झालीत, पोरं दूध आणायला मोटारसायकलवर जातात, नातवाच्या घरी सिलेंडर आहे. गोठ्यात जनावर नाही तर शेण कुठलं? टाकी गंजली, भंगारात दिली. मी कुणाला सांगत नाही की परत शेण कालवा. पण सगळं नुसतं वाढतच जाणार असं कुणी म्हटलं की मला तो गार बॉयलर आठवतो, आणि नदीत लोटून द्यायचं ते तूस. आम्ही जे फेकत होतो त्याच्यावर आमचं वर्ष निघालं, आणि जे लांबून येत होतं ते आयत्या वेळी आलं नाही. माझ्या अकलेत एवढंच अर्थशास्त्र शिरलं. कारखाना पुढं पावसाळ्यानंतर सुरू झाला आणि मी परत गेलो, तेही सांगून ठेवतो. पगार घेतला, तेल जाळलं. फक्त हवा जरा जास्त काळजीनं द्यायला लागलो.

तर त्या साली लावणीचा दिवस आला. आमच्यात लावणीला एकमेकांकडं जायची पद्धत, त्यामुळं निम्मी वाडी आमच्या शेतात. रोपांची पहिली जुडी घरची थोरली बाई लावते. आबांनी राबातून उपटलेली पहिली जुडी आणली आणि आईच्या हातात न देता हिरासमोर धरली. "सूनबाय, घे."

हिरा मागं सरकली. "मामंजी, आईंचा मान हाय."

"मान घेऊन काय करू?" आई बांधावरून म्हणाली. "माजी कंबर वाकंना. लाव गं."

बायका ओळीनं उभ्या होत्या. शेजारची रखमाकाकू, तोंडाची फटकळ, पदर खोचत मोठ्यानं म्हणाली, "व्वा! सासऱ्याचं शेण बुडवलं, तिलाच पयली जुडी! आमी उगाच गं शेण जपलं!" सगळ्या हसल्या. हिराही हसली, पण खाली बघून. आबा माझ्याकडं बघत होते.  

मी बांधावर जुड्यांच्या ढिगापाशी उभा होतो.  एवढ्या माणसांत तोवर मी कधी बोललो नव्हतो.

"काकू," मी म्हटलं, "तिनं नाय बुडवलं. मी बुडवलं. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाय. मग आबांनी इचारलं तर माजी दातखीळ बसली आन तिनं आपल्या अंगावर घेतलं. आन हा राब पण तिचाच हाय. तूस तिला सुचलं. आमा दोगांना नाय सुचलं."

 चिखलात बैलाचा पाय उचलल्याचा आवाज तेवढा आला. रखमाकाकूनं तोंडावर हात ठेवला. आबा वळून बैलांकडं निघाले. हिरा वाकलेली होती, तिनं मान वर केली नाही. पहिली जुडी सोडली, चार चार काड्या वेगळ्या करून चिखलात रोवल्या, एक, दोन, तीन, सगळी जुडी संपवली. मग रिकामा हात मागं पसरला, न बघताच.

"अवो, बोलून झालं असंल तर जुड्या फेका. मी थांबलेय."

असा हशा झाला की पलीकडच्या शेतातले लोक उभे राहून बघायला लागले. मी जुड्या फेकायला लागलो. संध्याकाळपर्यंत फेकत होतो, आणि एकही जुडी तिच्या हातापासून लांब पडू दिली नाही.